सात गळे, नऊ गाणी: वाद्यांविना प्रेमगीतांचा अल्बम एकसंध कसा होतो

प्रश्न असा आहे: आम्ही सात जणी वाद्यांशिवाय गातो. प्रेमगीतांचा पहिला अल्बम करायचा आहे. नऊ गाणी निवडली आहेत. तेराव्या शतकातलं एक एकसुरी (स्वरमेळाशिवाय, एकाच चालीचं) गीत, सोळाव्या शतकाच्या अखेरचं तीन वरच्या आवाजांसाठी लिहिलेलं मॅड्रिगल (अनेक आवाज एकमेकांत गुंफलेलं युरोपीय गीत), दोन लोकगीतं, एक अंगाई, एक जुनं जॅझ, दोन अलीकडची पॉप गाणी आणि खास आमच्यासाठी रचलेलं एक नवं गाणं. ज्यांना ऐकवलं ते म्हणतात, सुटी सुटी छान आहेत, पण सलग ऐकली की कडबोळं वाटतं. काही गाणी काढावीत का?

फार तर एखादं काढावं लागेल. आठशे वर्षांचा पल्ला किंवा चार-पाच शैली हा दोष नाहीच. बायकांच्या वृंदांसाठी इतकी वर्षं अरेंजमेंट करताना मला वारंवार दिसलेलं कारण निराळं आहे. प्रत्येक गाणं गाताना वृंद त्या गाण्याच्या मूळ ध्वनिमुद्रणाचा आवाज उसना घेतो. जुनं गीत आलं की सगळ्या जणी एकदम बिनकंपनाच्या, चर्चमधल्या आवाजात गातात. जॅझ आलं की आवाजात श्वास मिसळतो. पॉप आलं की तोंडाने ड्रम सुरू होतात आणि एकीचा आवाज यंत्राने खाली ओढून बेस गिटार तयार केलं जातं. ऐकणाऱ्याच्या कानावर मग नऊ गाण्यांऐवजी नऊ वेगवेगळे वृंद पडतात. तुमचा स्वतःचा आवाज कसा आहे हे आधी ठरलं, की शैली कितीही बदलू द्या, अल्बम तुमचाच राहतो.

सुरुवात शब्दांपासून करा. एक कागद घ्या आणि प्रत्येक गाण्यापुढे लिहा: बोलतंय कोण, कोणाशी, प्रेमाच्या कुठल्या टप्प्यावर, आणि तिला हवंय काय. हे लिहिल्यावर बहुतेक वृंदांच्या लक्षात येतं की नवापैकी सहा गाणी विरहाचीच आहेत. विरह गायला सोपा, संथ लय आणि लांब स्वर वृंदाला मानवतात, म्हणून निवड आपोआप तिकडे झुकते. एकाच भावनेची सहा गाणी सहा शैलींत गायली तर शैलीचा फरक उगाच डोळ्यात भरतो, कारण ऐकणाऱ्याला धरून ठेवायला दुसरं काही उरत नाही. तुमच्या यादीत अंगाई आहे याचा मला फार आनंद झाला. ज्याला अजून शब्दही कळत नाहीत अशा माणसावरचं ते प्रेम आहे. भांडणाचं एखादं गाणं आहे का? नुकतीच ओळख झाल्यावरची धांदल आहे का? मैत्रिणीवरचं प्रेम? नवं गाणं तुमच्यासाठीच रचलं जातंय, तेव्हा ही रिकामी जागा रचनाकाराला स्पष्ट सांगा.

त्यानंतरचा प्रश्न फक्त वृंदालाच पडतो. गाण्यातली एक बाई ‘मी’ म्हणते आणि गातायत सात जणी. हा ‘मी’ नेमका कोणाचा?

जुन्या गीतांकडे याचं सुंदर उत्तर आहे. तेराव्या शतकातल्या गालिसियन-पोर्तुगीज परंपरेत स्त्रीच्या तोंडची प्रेमगीतं मोठ्या संख्येने आहेत, कवी मात्र पुरुष. त्यांतल्या मार्टिन कोडाक्सची सात गीतं १९१४च्या सुमारास एका जुन्या पुस्तकाच्या बांधणीत वापरलेल्या चर्मपत्रावर सापडली, आणि सातांपैकी सहांच्या चाली त्यावर लिहिलेल्या आहेत. या गीतांतली मुलगी एकटीच उसासे टाकत नाही. ती आईशी बोलते, बहिणीला समुद्रावर चल म्हणते, लाटांना विचारते की माझा सखा पाहिलात का. म्हणजे तिच्या भोवती कोणीतरी आहे. हेच तुमच्या अरेंजमेंटमध्ये आणा. एक जण गाते तेव्हा उरलेल्या सहा जणी मागचा पडदा नसतात. त्या तिच्या मैत्रिणी आहेत, कोणाला ते सगळं माहीत आहे, कोणाला ते पटलेलं नाही. एकदा हे ठरलं की ‘ऊ’ आणि ‘आ’चे लांबलचक स्वर आपोआप कमी होतात. त्यांच्या जागी मुख्य ओळीतला एखादा शब्द परत विचारल्यासारखा येतो, कोणी मध्येच गप्प होतं, कोणी ओळ तिच्याआधी पूर्ण करतं. पॉप गाण्यालाही हे लागू पडतं, आणि तिथे तर त्याची गरज जास्तच आहे.

तुमचं तेराव्या शतकातलं गीत मात्र एकीलाच गाऊ द्या. त्या काळच्या स्त्री त्रुबादूरांच्या, म्हणजे दक्षिण फ्रान्समधल्या कवयित्री-गायिकांच्या, कविता बऱ्याच उरल्या, पण चालीसकट टिकलेलं गीत फक्त एक, कोम्तेसा दे दीया हिचं. ज्याच्यावर जीव लावला त्याने किंमत केली नाही, अशी तिची तक्रार आहे. असं गीत हाती असेल तर त्याला सात आवाजांचे कॉर्ड (एकाच वेळी गायलेले वेगवेगळे स्वर) चढवण्याचा मोह टाळा. एक आवाज, खाली एकच आधारस्वर, आणि शेवटच्या कडव्यात सातही जणी एकसुरात. अल्बमभर दाट स्वरमेळ ऐकलेल्या कानाला तो एकसूर जबरदस्त पोचतो.

पुरुषासाठी लिहिलेल्या गाण्यातले ‘ती’ बदलून ‘तो’ करावेत का, हेही विचारलं जातंच. माझं मत ठाम आहे, बदलू नका. यमकं मोडतात, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे एका बाईने बाईवरच्या प्रेमाचं गाणं गाणं हे आपल्या जागी पूर्ण आहे. त्याची सारवासारव करू नये.

आता खर्जाकडे येते, कारण खरी मेहनत इथे आहे.

पुरुषांचा खालचा आवाज ८०-९० हर्ट्झपर्यंत (सेकंदाला तेवढी कंपनं) उतरतो. तुमच्यातली सर्वांत खालची अल्टो (खालच्या आवाजाची गायिका) हार्मोनियमच्या पांढरी चारपर्यंत, म्हणजे साधारण १७५ हर्ट्झपर्यंत, भरीव आवाजात जात असेल. एखादी आणखी एक-दोन सूर खाली जाते, पण तिथे जोर राहत नाही. वरची सोप्रानो (सर्वांत उंच आवाजाची गायिका) १०५० हर्ट्झच्या आसपास पोचते. म्हणजे सात गळ्यांना मिळून जागा आहे ती अडीच सप्तकांच्या थोडी वर. मिश्र वृंदाला यापेक्षा निदान एक सप्तक जास्त मिळतं. बॅंडच्या किंवा मिश्र वृंदाच्या गाण्यातली बेसची ओळ एक सप्तक वर उचलून अल्टोला दिली, की ती मधल्या आवाजांच्या अंगावर येते, कधी त्यांना ओलांडते. ज्या कॉर्डच्या तळाशी षड्ज हवा तिथे पंचम येऊन बसतो आणि कॉर्ड अधांतरी राहते. गाणाऱ्यांना वाटतं आपलं सुरात नाही. सूर बरोबर असतो, चुकलेली असते ती मांडणी.

ऑक्टेव्हर लावून अल्टोचा आवाज यंत्राने खाली नेण्याचा मार्ग सोपा आहे आणि पॉप गाण्यांत तो सर्रास वापरतात. तुमच्या अल्बममध्ये तो नको असं मी म्हणेन. दोन गाण्यांत कृत्रिम खर्ज आणि सात गाण्यांत नाही, असं झालं की ती सात गाणी बिचारी उगाच तोकडी वाटू लागतात. ऐकणाऱ्याचा कान खर्जाची वाट पाहायला लागतो. अख्ख्या अल्बममध्ये १७५ हर्ट्झच्या खाली काहीच नसेल, तर दुसऱ्या-तिसऱ्या गाण्यापर्यंत कान त्या उंचीला सरावतो आणि तिथली सर्वांत खालची अल्टो त्याला खोल वाटते. बायकांच्या वृंदाला हा फायदा फुकट मिळतो, तो घालवू नका.

मग भरीवपणा आणायचा कुठून? बल्गेरियातल्या बायकांचं गाणं ऐका. तिथल्या गावांतल्या जुन्या गायकीत एक स्थिर आधारस्वर आणि त्याला अगदी चिकटून दुसरा स्वर, असं गातात. हा शेजारच्या स्वरांचा घासणारा मेळ सुटत नाही, कोणाला तो सुटावा असं वाटतही नाही. १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला संगीतकार फिलिप कुतेव्ह यांनी तिथल्या सरकारी वृंदासाठी या गायकीवरून मोठ्या रचना केल्या. मार्सेल सेलिए या स्विस संग्राहकाने १९७५मध्ये अशा ध्वनिमुद्रणांची तबकडी काढली, १९८६मध्ये एका ब्रिटिश कंपनीने ती पुन्हा आणली आणि जगभर बायकांच्या वृंदांचं गाणं बदललं. खाली पुरुषी खर्ज नाही, तरी आवाज पोकळ वाटत नाही, कारण मोकळ्या गळ्याने, छातीच्या आवाजात लावलेले दोन जवळचे स्वर जी धार देतात ती कुठलाही बेस देत नाही. तुमच्या दोन लोकगीतांपैकी एकात तरी हे करून पाहा. षड्ज आणि ऋषभ एकत्र धरा आणि सोडवू नका.

मॅड्रिगलची गोष्ट वेगळी. १५८०पासून इटलीतल्या फेरारा इथल्या दरबारात गायिकांचा एक छोटा वृंद गात असे आणि तिथला संगीतकार लुत्सास्को लुत्सास्कीने त्यांच्यासाठी केलेल्या एक ते तीन वरच्या आवाजांच्या रचना १६०१मध्ये छापल्या गेल्या. त्यांत तिन्ही आवाज एकाच उंचीवर एकमेकांत गुंततात, एकीची तान संपते तिथे दुसरीची सुरू होते. पण त्या रचनांना हार्पसिकॉर्डची (पियानोआधीच्या तारांच्या कळवाद्याची) साथ लिहिलेली आहे. तुमचं मॅड्रिगल या जातीचं असेल तर साथ काढल्यावर तळ नाहीसा होतो. तुमच्याकडे तीन गायिकांखेरीज चार जणी मोकळ्या आहेत. त्या चौघींना हार्पसिकॉर्डची नक्कल करायला लावू नका. डाव्या हाताची ओळ दोन अल्टोंत वाटून द्या, एक श्वास घेते तेव्हा दुसरी धरते, आणि उरलेल्या दोघी फक्त ओळींच्या शेवटी येऊ देत.

जॅझमध्ये बेस चालता असतो, म्हणजे दर मात्रेला नवा स्वर घेत पुढे जातो, म्हणून तिथे सगळ्या जणी गडबडतात. चालता बेस एकाच अल्टोच्या गळ्यात बांधू नका, तिसऱ्या कडव्यापर्यंत ती थकते आणि सूर उतरतो. दर दोन-चार मात्रांनी तो एकीकडून दुसरीकडे जाऊ द्या. मध्ये मध्ये तो पूर्ण काढून टाका. कानाने एकदा चाल धरली की पुढच्या चार मात्रा तो स्वतःच ऐकत राहतो.

एक कॉर्ड जवळून पाहू. षड्ज पांढरी सहावर, म्हणजे २२० हर्ट्झवर घेतला. सात जणींत साधी मोठी कॉर्ड अशी वाटा: खालच्या षड्जावर दोघी, पंचमावर (३३०) दोघी, वरच्या षड्जावर (४४०) दोघी, आणि तार गंधार एकीकडेच. खाली २७५वर दुसरा गंधार ठेवू नका, तिथे तो गढूळ करतो. तळात मोकळे पंचम, गंधार वर, हा बायकांच्या वृंदाचा सर्वांत उपयोगी नियम आहे. आता तो एकटा गंधार कुठे लावायचा? कीबोर्डवर तो ५५४ हर्ट्झवर आहे. शुद्ध जुळणारा गंधार ५५०वर, सुमारे चौदा सेंट खाली (शंभर सेंट म्हणजे कीबोर्डवरच्या दोन शेजारच्या पट्ट्यांमधलं अंतर). तानपुरा नीट जुळला की आपोआप ऐकू येणारा स्वयंभू गंधार तो हाच. ५५४वर लावला तर कॉर्ड सेकंदाला आठ-नऊदा थरथरते. ५५०वर आला की थरथर थांबते आणि कोणीच गात नसलेला खालचा स्वर ऐकू यायला लागतो. ज्याला खर्ज म्हणून आपण यंत्राकडे जातो, त्यातला काही भाग इथे नुसत्या सुरेलपणातून मिळतो. गंधार लावणारीला हे एकदा समजावून सांगा आणि सराव कीबोर्डवर न करता तानपुऱ्यावर करा.

म्हणूनच ध्वनिमुद्रणानंतर सूर ‘दुरुस्त’ करणाऱ्या सॉफ्टवेअरबद्दल सावध करते. नेहमीच्या सेटिंगवर ते प्रत्येक स्वर कीबोर्डच्या जागी नेऊन बसवतं. तुम्ही कष्टाने ५५०वर आणलेला गंधार ते ५५४वर ढकलतं आणि सातही आवाज वेगवेगळे ऐकू येऊ लागतात. एखादा खरोखर चुकलेला स्वर कानाने ऐकून हाताने सरकवायला हरकत नाही.

असे शुद्ध जुळणारे स्वर लावून गाताना पट्टी हळूहळू खाली सरकते. श्वास संपत आला की, एकच स्वर बराच वेळ धरला की, उतरत्या गंधारांच्या ओळी आल्या की हमखास. काही वेळा तर चूक कोणाचीच नसते. काही कॉर्डची साखळी पूर्ण शुद्ध गायली तर एका फेरीत षड्ज बावीस सेंटच्या आसपास खाली जातोच, ते स्वरांचं गणित आहे. मैफलीत कोणाला कळत नाही. ध्वनिमुद्रणात मात्र पहिल्या टेकची (एकदा सलग मुद्रित केलेल्या गाण्याची) सुरुवात आणि चौथ्या टेकचा शेवट जोडायला गेलात की जोड उघडा पडतो. उपाय साधा आहे: गाण्याचे भाग पाडा, प्रत्येक भागाआधी त्याच पट्टीचा स्वर ऐका, आणि कुठल्या टेकला किती उतरलं ते कोणीतरी लिहीत राहा. जो टेक भावनेने सर्वांत चांगला आहे आणि सुरुवातीपासून शेवटपर्यंत एका श्वासात गेला आहे, तो थोडा उतरला असला तरी तोच ठेवा.

आता खोली. मध्ययुगीन गीताला मोठ्या चर्चची गूंज आणि पॉपला कोरडा स्टुडिओ, असं करण्याची पद्धत आहे. कडबोळ्याचं निम्मं कारण हेच असतं. सगळी नऊ गाणी एकाच खोलीत, त्याच माइकवर, तेवढ्याच अंतरावरून गा. दीड ते दोन सेकंद गूंज असलेली शांत जागा या कामाला उत्तम. अर्धवर्तुळात उभ्या राहा, समोर माइकची एक जोडी. सतरा सेंटीमीटर अंतर आणि ११० अंशांचा कोन ही जुनी फ्रेंच रेडिओची मांडणी छोट्या वृंदाला छान बसते. एकल गाणारीने दोन पावलं पुढे यायचं, तिच्यासाठी वेगळी गूंज नाही. सातही जणी एकमेकींना दिसल्या पाहिजेत. वेगवेगळ्या काचेच्या खोल्यांत हेडफोन लावून गायलं की गंधार जुळत नाही, कारण जुळवायला शेजारणीचा खरा आवाज कानावर पडावा लागतो. श्वास पुसून टाकू नका. प्रेमगीतात ओळीआधीचा श्वास हा गाण्याचाच भाग आहे.

शब्दांबद्दल एक गोष्ट जरूर पाहा. ७०० हर्ट्झच्या वर सोप्रानो काहीही म्हणाली तरी ते ‘आ’च्या जवळ जातं. ‘इ’ आणि ‘उ’ ओळखायला लागणारा तोंडाचा अनुनाद त्याच्या बराच खाली असतो, त्यामुळे ते दोन स्वर आधी हरवतात. उच्चार कितीही सुधारला तरी इथे फरक पडत नाही. महत्त्वाची ओळ मधल्या आवाजांना द्या आणि वरच्या आवाजाला त्याच ओळीतला ‘आ’ असलेला शब्द द्या. पॉप गाण्याचा कळस सहसा नको तेवढा वर जातो आणि नेमकं मनातलं वाक्य तिथेच असतं. पट्टी दोन सूर खाली आणा, बिनधास्त.

तोंडाचे ड्रम एकाच गाण्यात असू द्यात, तेही चुटक्या आणि श्वासापुरते.

परवानगीचं काम आताच सुरू करा. भारतात हक्क रचनाकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं राहतात, युरोपात ७०. पॉप आणि बहुधा जॅझही त्यात येईल. गाणं नुसतं गाण्याचा परवाना आणि त्याची नवी अरेंजमेंट करण्याची परवानगी या वेगळ्या गोष्टी असू शकतात, ते लेखी विचारून घ्या.

क्रम लावताना काळानुसार लावू नका. जुनी दोन गाणी शेजारी आली की ऐकणारा त्यांना संग्रहालय समजतो. तेराव्या शतकातल्या गीताशेजारी संथ पॉप गाणं ठेवा, दोघींची तक्रार एकच आहे हे कोणाला सांगावं लागणार नाही. पट्ट्या साखळीत ओवा: एका गाण्याचा शेवटचा षड्ज पुढच्याचा पंचम झाला, तर शैली बदलली तरी कान ठेचकाळत नाही. दोन गाण्यांमधली शांतता सगळीकडे सारखी नको. भांडणाच्या गाण्यानंतर लांब, ओळखीच्या गाण्यानंतर जवळजवळ नाहीच.

तुमच्या यादीपुरतं बोलायचं तर मी सुरुवात घासत्या स्वरांच्या लोकगीताने करेन, म्हणजे तुमचा आवाज पहिल्या अर्ध्या मिनिटात कळेल. त्यानंतर संथ पॉप, मग एकसुरी गीत, आणि ठेवलंत तर दुसरं पॉप. नवं गाणं बरोबर मध्यावर. मॅड्रिगल त्याच्या पुढे, कारण तोवर तीन आवाजांचं गुंतणं ऐकायला कान तयार झालेला असतो. अंगाई सगळे शेवटी ठेवतात, तुम्ही ती सातवी ठेवा आणि तिच्यानंतर दुसरं लोकगीत. शेवटी जॅझ, चालत्या बेससकट. दुसरं पॉप गाणं पहिल्यासारखंच विरहाचं असेल तर तेवढं काढा. आठ गाण्यांचा अल्बम पुरेसा आहे.